बालपण कपाटात कुलूपबंद ठेवू नका
महिला व बाल विकास आयुक्तांना खुले पत्र

प्रति,
मा. आयुक्त,
महिला व बाल विकास, महाराष्ट्र राज्य, पुणे



मी उदगीरची. जिल्हा परिषदेच्या शाळांतून शिकवण्यात माझी सगळी नोकरी झाली, आता निवृत्त आहे. हे पत्र मुद्दाम खुलं लिहिते आहे. अर्ज करून पाठवलं असतं तर ते एका मुलीचं प्रकरण झालं असतं, आवक-जावक नोंदवहीत त्याला क्रमांक मिळाला असता, आणि पुढचं मूल आलं की त्याला तेच बंद दार तसंच दिसलं असतं. माझी मागणी सगळ्या मुलांसाठी आहे. दत्तक गेलेलं मूल नव्या आईबाबांना घेऊन आपलं जुनं शिशुगृह पाहायला आलं, तर त्याला मानाने आत जाता यावं, ज्यांनी सांभाळलं त्यांना भेटता यावं, आणि तिथे काढलेल्या दिवसांची हकिगत त्याच्या हाती पडावी. आणि ज्या संस्था बंद पडल्या आहेत त्यांची दप्तरं सरकारने ताब्यात घेऊन जपावीत.

हे मी का लिहिते, ते आधी सांगते.

माझी भाची, म्हणजे भावाची मुलगी, आणि जावई डब्लिनला असतात. त्यांनी रीतसर नोंदणी केली, गृहभेटी झाल्या, पोलिसांचे आणि डॉक्टरांचे दाखले झाले, आणि मराठवाड्यातल्याच एका शिशुगृहातली मुलगी त्यांच्या घरी आली. अनिवासी भारतीयांना आता देशातल्या पालकांच्या बरोबरीने प्राधान्य मिळतं, म्हणून हे जमलं. आली तेव्हा तिला तीन वर्षं पूर्ण होऊन गेली होती. चालत, बोलत, रुसत आलेलं लेकरू. तिच्यापासून काही लपवायचा प्रश्नच नव्हता. ‘मी आधी मोठ्या घरात राहायचे, तिथे खूप पाळणे होते,’ हे ती शाळेतल्या मैत्रिणींनाही सांगते. गेल्या हिवाळ्यात ते सुट्टीवर उदगीरला आले. दिवाणखान्यात सामान उघडून पडलेलं, आणि हिचं एकच, मोठं घर दाखवा.

भाचीने निघण्याआधीच संस्थेला लिहिलं होतं. उत्तर नव्हतं. इथून फोन केला तर ‘फाईल गोपनीय असते’ एवढंच ऐकायला मिळालं. आम्ही फाईल मागितलीच नव्हती. एका कार्यालयात गेलो, तिथे ‘वरून लेखी आणा’ म्हणाले. वरून म्हणजे कुठून, हे सांगायला कुणाला वेळ नव्हता. शेवटी आम्ही तसेच जाऊन फाटकाशी उभे राहिलो. अधीक्षक म्हणून नुकत्याच आलेल्या एका ताईंनी मुलीकडे पाहिलं, क्षणभर विचार केला आणि म्हणाल्या, ‘माझ्या जबाबदारीवर या आत.’ त्या ताईंचे उपकार मी विसरणार नाही. पण आयुक्त महोदय, एखादी बाई भली निघाली म्हणून लेकराला आपलं पहिलं घर दिसावं, आणि दुसरी कडक निघाली म्हणून दिसू नये, हे सरकारी व्यवस्थेला शोभत नाही.

आत गेल्यावर मुलगी सरळ चालत हॉलच्या खिडकीपाशी गेली. तिला रस्ता विचारावा लागला नाही. तिथे उभी राहून ती आम्हाला म्हणाली, हे लहान झालंय. मग स्वयंपाकघरातून एक मावशी पदराला हात पुसत आल्या. भुवईवरचा व्रण पाहिला आणि त्यांनी तिला संस्थेतल्या नावाने हाक मारली. घरी ते नाव कुणी घेत नव्हतं. मुलीने चटकन मान वळवली. मावशींनी तिला जवळ ओढलं, ‘लई लांब गेलीस गं बाई. शाळंला जालालीस का?’ असं विचारलं, आणि मग त्या जे सांगत सुटल्या ते भाचीने अक्षरशः वहीत उतरवून घेतलं. ही खिचडी तोंडात धरून बसायची, पण दुधात भाकरी कुस्करून दिली की वाटी चाटूनपुसून खायची. पावसाचा आवाज झाला की पाळण्याखाली जाऊन बसायची. आणि झोपताना शेजारच्या एका मुलीच्या झग्याचं टोक मुठीत धरल्याशिवाय हिला झोप यायची नाही.

‘ती कुठंय?’ मुलीने लगेच विचारलं.

कुणी बोललं नाही. सांगता येत नाही आणि सांगूही नये, हे मला कळतं. ताई एवढंच म्हणाल्या, ‘तिलाही आईबाबा मिळाले.’ मुलीने मान डोलवली. तिला तेवढं पुरलं. पत्ता हवा होता तो आम्हा मोठ्यांना, तिला ती मैत्रीण खरंच होती एवढं कळायचं होतं.

जाताना भाचीने विचारलं, हिचा लहानपणचा एखादा फोटो मिळेल का? फाईलमधला पासपोर्टसारखा फोटो सोडला तर दुसरा सापडेना. मग मावशींनी एक अल्बम आणला. त्यात गावातल्या कुणा प्रतिष्ठिताच्या वाढदिवसाचे फोटो होते. केक, हार, हसरे पाहुणे, आणि मागच्या रांगेत एका दादाच्या कडेवर आमची मुलगी. तिच्या पहिल्या तीन वर्षांचा तेवढाच पुरावा, तोही दुसऱ्याच्या समारंभातला.

त्या फोटोने मला हे पत्र लिहायला बसवलं.

आपल्या सगळ्या यंत्रणेत गोपनीयता नावाचं एकच मोठं कुलूप आहे आणि त्यामागे तीन वेगवेगळ्या गोष्टी ठेवल्या आहेत. पहिली, जन्म देणाऱ्या आईचं नाव. दुसरी, संस्थेची वास्तू आणि तिथे मुलाने घालवलेले दिवस. तिसरी, ज्यांनी त्याला न्हाऊमाखू घातलं, अंगाखांद्यावर खेळवलं, रात्री जागून औषध पाजलं ती माणसं. पहिलीला संरक्षण हवंच. त्याबद्दल मी तसूभरही कमी बोलणार नाही. आमच्या भागात ऊसतोडीला गेलेल्या घरातली, शिकायला परगावी राहिलेली, फसवली गेलेली कोवळी पोर कोणत्या अवस्थेत आपलं बाळ बाल कल्याण समितीपुढे सोपवते, हे शिक्षिका म्हणून मी जवळून पाहिलेलं आहे. कायदा तिला फेरविचारासाठी 60 दिवस देतो, आणि नाव गुप्त ठेवण्याची हमी देतो. ती हमी मोडली तर उद्याचं बाळ समितीकडे न येता उकिरड्यावर सापडेल. जोतिराव आणि सावित्रीबाईंनी 1863 साली बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, तेव्हा गुपचूप येऊन बाळंत व्हा, असंच विधवांना आवाहन केलं होतं. गुप्ततेने तेव्हा जीव वाचले, आजही वाचतात.

पण उरलेल्या दोन गोष्टी गुप्त ठेवून कुणाचा जीव वाचतो? मूल तिथे राहिलं हे मुलाला माहीत आहे, पालकांना माहीत आहे, सरकारला माहीत आहे. ते दिवस मुलाचे आहेत. संस्था त्यांची फक्त राखणदार आहे. फुल्यांच्या त्याच बालहत्या प्रतिबंधक गृहात बाळंत झालेल्या काशीबाईच्या मुलाला, यशवंताला, फुले दांपत्याने आपलं केलं, डॉक्टर केलं, आणि तो कुणाचा हे कधी नाकारलं नाही. 1897 च्या प्लेगमध्ये याच मुलाला सोबतीला घेऊन सावित्रीबाईंनी रोग्यांची सेवा केली. मुलाचं मूळ माहीत असल्याने त्या घरातली माया पातळ झाली नाही.

नियम काय म्हणतात तेही मी वाचून काढलं आहे. परदेशी दत्तकातल्या गैरव्यवहारांवर लक्ष्मीकांत पांडे या वकिलांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं, त्यावर 1984 साली न्यायमूर्ती भगवतींनी निकाल दिला, आणि तिथून आजची सगळी चौकट उभी राहत गेली. 1990 साली ‘कारा’ ही केंद्र सरकारची दत्तकविषयक यंत्रणा स्थापन झाली. देशादेशांमधल्या दत्तकाबद्दलचा 1993 चा हेग करार भारताने 2003 मध्ये स्वीकारला. त्याच्या 30 व्या कलमात स्पष्ट आहे की मुलाच्या मुळाची माहिती सरकारी यंत्रणांनी जपून ठेवली पाहिजे, आणि देशाच्या कायद्यात बसेल तशी, योग्य मार्गदर्शनासह मुलाला ती मिळू दिली पाहिजे. आपल्या 2022 च्या दत्तक विनियमांत मूळशोधाची तरतूद आहे. 18 वर्षांवरच्या मुलाला स्वतः अर्ज करता येतो, त्याहून लहान असेल तर दत्तक आईबाबांसह करता येतो. जन्मदात्यांनी नाव गुप्त ठेवायला सांगितलं असेल तर त्यांची संमती लागते. त्रयस्थाला मूळशोध करता येत नाही. हे सगळं योग्यच आहे.

पण मूळशोध म्हणजे जन्मदात्यांचा शोध, असाच त्याचा अर्थ सगळीकडे लावला जातो. सात वर्षांच्या मुलीला जन्मदाते शोधायचे नव्हते. तिला खिडकी पाहायची होती, मावशींना भेटायचं होतं. त्यासाठी कुठलाच अर्ज नाही, कुठलीच मुदत नाही, कुणी अधिकारी नेमलेला नाही. मग खालचा माणूस घाबरतो. चुकीच्या माणसाला आत सोडलं तर नोकरी जाईल, आणि बरोबर माणसाला परत पाठवलं तर काहीच होणार नाही, असा हिशेब त्याच्यासमोर असेल तर तो परतच पाठवणार. त्याला मी दोष देत नाही. दोष हिशेबाचा आहे, आणि तो आपल्या एका परिपत्रकाने बदलू शकतो.

परत येणारी मुलं काही नवी नाहीत. पुण्याच्या ससून रुग्णालयाच्या आवारातल्या ‘श्रीवत्स’मधून 1979 साली अवघ्या काही आठवड्यांची एक मुलगी हरेन आणि स्यू स्थळेकर यांनी घरी नेली. संस्थेत तिचं नाव लैला होतं. ती लिसा स्थळेकर झाली, ऑस्ट्रेलियाच्या महिला क्रिकेट संघाची कर्णधार झाली, एकदिवसीय सामन्यांत हजार धावा आणि शंभर बळी घेणारी पहिली महिला ठरली. 2013 चा विश्वचषक तिने मुंबईतच जिंकला आणि निवृत्त झाली. मोठेपणी ती ‘श्रीवत्स’ पाहायला येऊन गेली. आपण सगळे तिच्याबद्दल अभिमानाने बोलतो. नागपूरच्या मातृसेवा संघाचंही तसंच. कमलाताई होस्पेट यांच्या पुढाकाराने 1921 साली सुरू झालेली ही संस्था. तिथे 1985 साली सोडलेलं एक बाळ डच घरात वाढलं. तिथल्या परिचारिकेने ठेवलेलं फाल्गुन हे नाव दत्तक आईबाबांनी बदललं नाही. ते फाल्गुन बिनेनडाइक आज नेदरलँड्समधल्या हीमस्टेडचे महापौर आहेत आणि जन्मदात्या आईच्या ओढीने नागपूरला येऊन गेले. महापौर आला, विश्वविजेती आली, की दारं उघडतात, चहापाणी होतं, वर्तमानपत्रांत छायाचित्रं येतात. शाळेत जाणारी साधी मुलगी आली तरी तेच दार तितकंच उघडायला हवं.

आणि दार न उघडल्याने काय होतं, त्याचंही उदाहरण महाराष्ट्रातलंच आहे. पुण्याच्या संस्थेतून तान्हेपणी जर्मनीला गेलेले अरुण डोहले आपले कागद पाहायला परत आले. ते मिळेनात म्हणून त्यांना सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं. आईची भेट झाली ती 2010 मध्ये, चाळिशी जवळ आल्यावर. त्यांनी मुलांच्या तस्करीविरुद्धच्या कामालाच वाहून घेतलं. त्यांची परदेशी दत्तकावरची सगळी मतं मला पटतात असं नाही. अनेक मुलांना परदेशातल्या घरांनीच जीव लावला, हे मी माझ्याच घरात पाहते आहे. पण एका माणसाची ऐन उमेदीची वर्षं स्वतःचीच फाईल मागण्यात गेली, हे वाचताना मान खाली जाते.

आता दप्तरांबद्दल. हा भाग आपल्याला कोरडा वाटेल, पण सगळा प्रश्न इथेच अडतो. कुठल्याही हक्काचा कागदाशिवाय उपयोग नाही, आणि आमच्या मराठवाड्याइतकं हे कुणाला ठाऊक असणार? उदगीर 1956 पर्यंत बीदर जिल्ह्यात होतं, मग उस्मानाबादमध्ये आलं, 1982 साली लातूर जिल्हा झाला तेव्हा लातुरात आलं. आमच्या एकेका घराचे कागद तीन ठिकाणी विखुरलेले आहेत, मोडीत आहेत, उर्दूत आहेत. 2023 मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि कुणबी नोंदींसाठी निजामकाळातली दप्तरं पार हैदराबादपर्यंत जाऊन धुंडाळली गेली. तहसील, शाळा, भूमिअभिलेख, कारागृह, एकही कपाट सोडलं नाही. आरक्षणाच्या वादात मी इथे शिरत नाही. मला दिसतं ते एवढंच, की सरकारने मनावर घेतलं तर शंभर वर्षांपूर्वीचा कागदही सापडतो, स्कॅन होतो, लोकांसमोर येतो. मग पंचवीस-तीस वर्षांपूर्वीच्या शिशुगृहाची हजेरी, दाखल नोंदवही, समितीचा आदेश, दवाखान्याचं कार्ड जपणं अशक्य कसं?

किती तरी संस्था काळाच्या ओघात बंद पडल्या. काहींची मान्यता गेली, काहींचे संस्थापक गेले, काहींना पैसा पुरला नाही. त्यांच्या दप्तरांची जिल्हावार यादी आयुक्तालयाने प्रसिद्ध करावी. कोणत्या संस्थेचं दप्तर आज कोणाकडे आहे, एवढं तरी कळू द्या. नावं उघड करू नका, मुलांची माहिती उघड करू नका, फक्त कपाट कुठे आहे ते सांगा. आणि जी अजून खासगी माणसांच्या माळ्यावर, गोदामात पडली असतील ती ताब्यात घ्या. दक्षिण कोरियाने लाखाहून जास्त मुलं परदेशी दत्तक पाठवली. त्यातल्या अनेकांच्या कागदपत्रांत खाडाखोड झाल्याचं त्यांच्याच सत्यशोधन आयोगाने 2025 मध्ये मान्य केलं, आणि त्याच वर्षी खासगी संस्थांकडची दप्तरं सरकारी केंद्राकडे घ्यायला त्यांनी सुरुवात केली. भाची राहते त्या आयर्लंडमध्ये 2022 साली कायदाच झाला, दत्तक गेलेल्या माणसाला स्वतःच्या जन्माची आणि लहानपणीच्या संगोपनाची माहिती मिळालीच पाहिजे असा. जन्माची आणि संगोपनाची, या दोन्ही गोष्टी त्यांनी वेगळ्या धरल्या आहेत. आपल्याकडेही तसंच करता येईल.

जुन्या कागदांइतकीच आज लिहिल्या जाणाऱ्या कागदांची काळजी वाटते. प्रत्येक मुलाचा बाल अध्ययन अहवाल होतो, वैद्यकीय तपासणी अहवाल होतो. वजन, उंची, डोक्याचा घेर, लसी, वाढीचे टप्पे, सगळं असतं. मी आमच्या मुलीचा वाचला आहे. ‘खेळकर, मिसळणारी’ असं त्यात आहे. कुणाही मुलाबद्दल लिहिता येईल असं वाक्य. दुधात कुस्करलेली भाकरी त्यात नाही. पावसाची भीती नाही. त्यामुळे झालं काय, डब्लिनला पहिल्या पावसाळी रात्री ही पलंगाखाली जाऊन बसली तेव्हा आईबाप घाबरून गेले. तिकडे तर बारा महिने पाऊस. मावशींना विचारलं असतं तर एका वाक्यात उलगडा झाला असता. आणि भाषेचं काय? आमच्या सीमेवर मराठी, कानडी, तेलुगू, दखनी, लमाणांची गोरमाटी, एका बाजारात पाच बोली चालतात. दोन-अडीच वर्षांचं मूल बसस्टँडवर सापडतं तेव्हा ते आईला काय म्हणून हाक मारत होतं, पाणी कोणत्या शब्दाने मागत होतं, हे पहिल्या दोन दिवसांतच लिहून घ्यायला हवं. महिनाभरात ते मूल संस्थेची मराठी बोलू लागतं आणि तो धागा कायमचा तुटतो. किल्लारीच्या भूकंपात 1993 साली पोरकी झालेली मुलं पुण्याला गेली, नळदुर्गच्या ‘आपलं घर’मध्ये वाढली, पण त्यांना गावाचं नाव माहीत होतं. ढिगारा का असेना, पण परत जाऊन उभं राहायला त्यांना जागा होती. बसस्टँडवर सापडलेल्या मुलाला संस्थेशिवाय दुसरं गाव नाही.

म्हणून प्रत्येक मुलामागे एक साधी वही ठेवा. त्यात मावशींनी सांगावं आणि ताईंनी लिहावं. आवडीनिवडी, पहिला शब्द, पहिलं पाऊल, कुणाशी गट्टी, कुठली अंगाई, आणि दर काही महिन्यांनी एक फोटो, स्वतःचा, इतर कुणाच्या केकमागचा नव्हे. मूल दत्तक जाताना ती वही त्याच्याबरोबर जावी आणि एक प्रत संस्थेत राहावी. मावशी तुटपुंज्या मानधनावर राबतात, बदलतात, थकतात, गावी जातात. त्यांच्याबरोबर मुलांचं लहानपणही निघून जातं. दत्तकानंतर दोन वर्षं पाठपुराव्याचे अहवाल आणि फोटो येतात, पण ते दत्तकाच्या सरकारी पोर्टलवर राहतात. आमच्या मुलीला वाढवणाऱ्या मावशींनी त्यातला एकही पाहिला नव्हता. ‘जगली का वाचली, कळत न्हवतं बगा,’ त्या म्हणाल्या. ज्या बाईने लेकराचं गू-मूत काढलं तिला वर्षातून एक फोटो दाखवणं, यात कोणती गोपनीयता भंगते?

आणखी एक गोष्ट, जी आम्ही आत असताना माझ्या जिवाला लागली. आम्हाला पाहून तिथली चार-पाच वर्षांची मुलं भोवती जमली. एकाने भाचीचा हात धरला आणि विचारलं, ‘तुम्ही कुणाचे आईबाबा? माझे का?’ याला उत्तर नाही. म्हणून भेटी सरसकट कुणालाही, कधीही खुल्या कराव्यात असं मी मुळीच म्हणत नाही. भेट ठरवून व्हावी, इतर मुलं शाळेत किंवा झोपेत असतील अशा वेळी व्हावी, वेगळ्या खोलीत आधी मावशींशी बोलणं व्हावं, आणि संस्थेतल्या मुलांना समजेल अशा शब्दांत आधी सांगितलेलं असावं की ही तुमची ताई आहे, तुम्हाला पाहायला आली आहे. परत आलेलं मूल त्या मुलांसाठी आशाही ठरू शकतं आणि जखमही. कोणतं ठरेल हे तयारीवर आहे.

याच न्यायाने वाढदिवसाच्या पाहुण्यांना आवर घाला. बाल न्याय अधिनियमाच्या 74 व्या कलमानुसार अशा मुलांची ओळख उघड होईल असं काही प्रसिद्ध करणं गुन्हा आहे, त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड आहे. तरी केक कापणाऱ्यांच्या मोबाइलवर या मुलांचे चेहरे सर्रास फिरतात. जिथे परक्या माणसाला फोटो काढून मिरवता येतो, तिथे त्याच मुलाला पुढे स्वतःचा फोटो मिळत नाही. हे उलटं करा. दानशूरांनी अन्न द्यावं, फीचे पैसे द्यावेत, मावशींचं मानधन वाढवायला मदत करावी, आणि मुलांना रांगेत उभं न करता निघून जावं.

परदेशातल्या आणि इथल्याही दत्तक आईबाबांशी दोन शब्द बोलते, आयुक्त महोदय, तेवढी मुभा द्या. जाऊ की नको, या विचारात तुम्ही अडकता. मुलाला जुनं आठवेल, ते रडेल, आपल्यापासून लांब जाईल, अशी धाकधूक असते. माझ्या भाचीलाही होती, आदल्या रात्री तिने जेवण टाकलं होतं. मूल विचारू लागलं की जा. ते विचारत नसेल तर ओढून नेऊ नका. खेळण्यांच्या पिशव्या घेऊन जाऊ नका. मावशीसाठी एक लुगडं आणि मुलाचे फोटो न्या. तिथे मुलगी मावशींच्या मांडीवर बसली तेव्हा भाचीच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि परत येताना गाडीत तीच मुलगी आईच्या मांडीवर डोकं ठेवून वडिलांना सांगत होती, मी पावसाला का घाबरते माहितेय का. आईपण कुणी काढून घेतलं नाही. उलट त्या घराला मुलीची पहिली तीन वर्षं मिळाली, जी त्यांच्याकडे नव्हती.

2024-25 या एका वर्षात देशात 4515 मुलं दत्तक गेली, त्यांतली 4155 देशातल्या देशात. म्हणजे उद्या परत येणारी बहुतेक मुलं डब्लिन-सिडनीहून येणार नाहीत. ती नाशिकहून, सोलापूरहून, हैदराबादहून एसटीने आणि रेल्वेने येतील. पालक साधे असतील, इंग्रजीत मेल करणारे नसतील, फाटकावरच्या माणसाने नाही म्हटलं तर निमूट परत फिरणारे असतील. त्यांच्यासाठी जिल्हा बाल संरक्षण कक्षात एका माणसाचं नाव आणि एक साधा मराठी अर्ज पुरे आहे. अर्जाला ठरलेल्या मुदतीत होकार किंवा कारणासह नकार मिळावा. ओळख दत्तकाच्या आदेशावरून पटवून घ्या, जन्मदात्यांचं नाव असलेलं पान बंदच ठेवा, आणि बाकीचं पालकांसमोर बसून मुलाला वाचून दाखवा. यासाठी कायदा बदलायला नको, नवा निधी नको, संसदेत जायला नको.

मे महिन्याच्या सुट्टीत बाहेरगावी राहणारी कुटुंबं मराठवाड्यात आपापल्या गावी येतात. त्याआधी हे परिपत्रक काढा, प्रत्येक विशेष दत्तक संस्थेच्या फाटकावर मराठीत लावा, आणि त्याची एक प्रत मावशींनाही वाचून दाखवा.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
उदगीर, जि. लातूर